जाडीची चहाडी

१. दोनपैकी खरी कुठली?

माझ्या कपाटात दोन जीपगाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या प्रतिकृती. एकसारख्या दोन खोक्यांतून निघालेल्या, एकाच बाटलीतला हिरवट रंग लावलेल्या. शेजारचा सातवीतला मुलगा एकदा काचेला नाक लावून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, ही खेळण्यातली आहे आणि ही खरी लहान केलीय. हो ना?"

मी त्याच्या हातात पट्टी दिली. त्याने दोन्ही गाड्या मोजल्या. लांबी साडेनऊ सेंटीमीटर, रुंदी साडेचार; दोन्हींची अगदी सारखी. मग तो गप्प झाला, कारण डोळ्यांना दिसणारा फरक पट्टीवर उमटत नव्हता.

किट जोडून मॉडेल बनवणारे जवळजवळ सगळे कधी ना कधी हाच प्रश्न विचारतात. माप बरोबर, रंग बरोबर, खोक्यावरच्या सूचना ओळीने पाळल्या, तरी माझी गाडी खेळण्यासारखी का दिसते? उत्तर गाडीच्या मोठ्या भागांत सापडत नाही. काचेची चौकट, दिवे, स्टिअरिंग, पट्टे, कड्या, तारा अशा बारीकसारीक भागांत ते दडलेलं असतं. ते भाग खेळणं का दाखवतात आणि त्यांच्या जागी काय बसवायचं, हे या प्रकरणात पाहू. उदाहरणाला आपली जीपच घेऊ.

२. प्रमाणाचा भागाकार

१:३५ म्हणजे खऱ्या गाडीचं प्रत्येक माप ३५ ने भागायचं. खरी जीप सुमारे ३.३३ मीटर लांब. भागल्यावर ९५ मिलिमीटर. तिच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा व्यास अदमासे ७१ सेंटीमीटर. भागल्यावर २० मिलिमीटर. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक पाच सेंटीमीटरचा होतो, म्हणजे साधारण आपल्या करंगळीएवढा.

ही प्रमाणं आली कुठून? बरीचशी फूट-इंचांच्या हिशेबातून. एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४ होतं, पाव इंच धरला की १:४८. सहा फुटांना एक इंच म्हणजे १:७२. युरोपातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांनी फुटाला ७ मिलिमीटर असा मिश्र हिशेब केला, त्यातून लहान मोटारींचं १:४३ निघालं. त्याच्या निम्मं, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर, घेतलं की १:८७.

आपलं १:३५ मात्र कुठल्याच फूटपट्टीत बसत नाही. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढी रणगाड्याची रुंदी ठरवली आणि नंतर हिशेब केला, तर प्रमाण ३५ च्या आसपास आलं. किट खपलं, मागोमाग त्याच प्रमाणात सैनिक आणि इतर वाहनं आली, आणि बॅटरीच्या सोयीसाठी निघालेला आकडा जगभरच्या लष्करी मॉडेलांचं माप होऊन बसला.

आता तोच भागाकार उलटा करू. जीपचा मडगार्ड दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा असतो. ३५ ने भागला तर ०.०५ मिलिमीटर उरतात. वहीच्या कागदाहूनही पातळ. पण किटमधला प्लास्टिकचा मडगार्ड साधारण १ मिलिमीटर जाड असतो. त्याला ३५ ने गुणा. साडेतीन सेंटीमीटर! घराच्या दाराला लावतात तेवढ्या जाडीच्या फळीचा मडगार्ड घेऊन कुठली जीप धावली असेल?

शेजारच्या मुलाच्या डोळ्यांनी हाच गुणाकार नकळत केला होता. आपण आयुष्यभर पत्रा, काच, दोरी, तार पाहत आलेलो असतो. त्यांची जाडी डोळ्यांत इतकी मुरलेली असते, की कड दिसली रे दिसली की वस्तू केवढी असावी याचा अंदाज डोळा बांधतो. गाडीची लांबी कितीही अचूक असो, कडेची जाडी चहाडी करते.

३. मोदकाच्या साच्याची अडचण

मग कारखानदार पातळ भाग का काढत नाहीत? त्यांना जमत नाही का? त्यासाठी साचा समजून घ्यायला हवा, आणि मोदकाचा साचा तर आपल्या घरातच असतो.

किटचे भाग पोलादी साच्यात तयार होतात. साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटतात, आत वितळलेलं पॉलिस्टायरीन प्लास्टिक जोराने दाबलं जातं, ते थंड झालं की साचा उघडतो. मोदकाचा साचा वापरताना जे घडतं ते सगळं इथेही घडतं.

पहिली गोष्ट, साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे मोदकावर एक रेघ उमटते. किटच्या प्रत्येक भागावर ती असते. दुसरी, उकड फार पातळ थापली तर ती कोपऱ्यापर्यंत पोचत नाही किंवा काढताना फाटते. प्लास्टिकचंही तसंच, फार अरुंद फटीत ते पोचण्याआधीच थिजतं. तिसरी, मोदकाच्या बाजूला आतल्या अंगाने वळलेला कान काढायचा म्हटलं तर साचा उघडताना तो अडकेल आणि तुटेल. म्हणून किटमध्ये पोकळ नळ्या भरीव येतात, कडीच्या आतली जागा बुजलेली असते आणि टांगलेला पट्टा खालच्या पत्र्याला चिकटूनच येतो. चौथी, थंड झालेला भाग साच्यातून ढकलायला दांड्या लागतात. त्यांचे गोल वण भागाच्या आतल्या बाजूला राहतात.

म्हणजे किटमधले दोष बहुतेक वेळा आळसातून आलेले नसतात. साच्याचा तो नाइलाज असतो. बारीक भागांची सुधारणा करायची म्हणजे पोलादी साच्याला जे जमलं नाही ते दुसऱ्या एखाद्या रीतीने करून घ्यायचं.

४. आधी पदरमोड न करता

दुकानातून काही आणण्याआधी जे हातात आहे तेच सुधारावं. धारदार पातं, बारीक पॉलिशपेपर आणि हाताने फिरवायचं छोटं गिरमिट एवढं पुरतं.

सुरुवात साच्याच्या रेघांपासून. पात्याची धार आडवी धरून हलकेच ओढली की रेघ निघते, वरून पॉलिशपेपर. नंतर कडा. मडगार्ड सगळाच्या सगळा पातळ करायची गरज नाही. वरून पाहणाऱ्याला जाडी दिसते ती फक्त कडेला. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने कडेजवळचे दोन-तीन मिलिमीटर तिरके तासायचे. मधला भाग तसाच जाड राहतो, त्यामुळे मजबुती जात नाही, आणि कड मात्र पत्र्यासारखी दिसते. शाळेतल्या लाकडी पेन्सिलीला टोक काढतो त्यातलाच प्रकार. पेन्सिल जाडच राहते, टोक बारीक होतं.

तिसरं काम भोकं पाडण्याचं. धुराड्याच्या नळीचं तोंड, बंदुकीची नळी, कडीची आतली जागा. जे खऱ्यात पोकळ आहे ते इथे पोकळ करायचं. आधी सुईच्या टोकाने बरोबर मध्यावर खूण करायची, नाहीतर गिरमिट घसरतं. पाऊण मिलिमीटर खोल भोकही पुरतं. त्यात सावली पडते, आणि डोळा पुढची नळी स्वतःच पूर्ण करून घेतो.

या तीन कामांत एक संध्याकाळ जाते. मी आजवर पाहिलेल्या मॉडेलांपैकी अर्धी तरी एवढ्यानेच सुधारली असती.

५. चपटं ते पितळ

पुढची पायरी दुकानातली. पातळ पितळी पत्र्यावर नक्षीसारखे कोरलेले भाग मिळतात. मॉडेलवाले त्यांना फोटोएच म्हणतात. कोरलेले म्हटलं तरी त्यांना हत्यार लागलेलं नसतं. ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी प्रकाशाने पक्का होणारा लेप देतात, वर नक्षीची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात. जिथे प्रकाश पडला तिथला लेप टिकतो, बाकीचा धुऊन निघतो. मग पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या रसायनात जातो आणि उघडं पितळ विरघळून जातं. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी सर्किट बोर्ड याच रसायनात बुडवलेला असतो. रांगोळीच्या छाप्यात भोक असेल तिथेच रांगोळी पडते. इथे भोक असेल तिथलं पितळ जातं.

यातली खुबी पुढेच आहे. लेपाला फक्त एका बाजूने वाट ठेवली तर पत्रा अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्ला जातो. अशी अर्धवट रेघ म्हणजे घडीची रेघ. त्या रेघेवर पत्रा बरोबर काटकोनात दुमडतो, आणि सपाट पत्र्यातून पेटी, कप्पा, दिव्याचा पिंजरा उभा राहतो. १९८९ साली सुरू झालेल्या एदुआर्द या चेक कंपनीचं नाव तर या पितळी पत्र्यांमुळेच मॉडेलवाल्यांच्या घराघरांत पोचलं.

आता हिशेब. ०.१५ मिलिमीटरला ३५ ने गुणलं तर ५.२५ मिलिमीटर येतात. खऱ्या पत्र्याच्या तिप्पट जाड, पण दाराच्या फळीपुढे काहीच नाही. एवढ्या चुकीला डोळा फसतो.

पितळ हाताळण्याच्या तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पोस्टाच्या तिकिटांचा ताव असतो तसे हे भाग बारीक दुव्यांनी चौकटीला जोडलेले असतात. कापताना खाली फरशीचा तुकडा किंवा काच घ्या. मऊ पृष्ठभागावर पात्याच्या दाबाने भाग वाकतो. दुसरं, कापताना एक बोट भागावर असू द्या. चिमट्यातून उडालेली एक मिलिमीटरची बकल मी पलंगाखाली बॅटरी घेऊन तासभर शोधली आहे, आणि ती मला दुसऱ्या दिवशी माझ्याच बाहीवर सापडली. तिसरं, मडगार्डसारखा गोलाई असलेला भाग वळवायचा असेल तर पितळ आधी मऊ करा. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना तांबं कडक झालं की तो पुन्हा भट्टीत घालतात. पितळालाही गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत धरलं आणि निवू दिलं की ते उसळी मारत नाही, बोटांनी वळतं.

चिकटवण्याचं काय? किटचा गोंद हा खरं म्हणजे गोंद नसतोच. तो पॉलिस्टायरीन विरघळवणारा द्रव असतो. दोन कडा विरघळून एकजीव होतात. पितळ त्यात विरघळत नाही, म्हणून तिथे तो निरुपयोगी. पितळाला फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद लागतो, आणि तोही सुईच्या टोकावर मावेल एवढाच. मात्र काचेच्या भागांना हा गोंद लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते. काचेला साधा पांढरा फेविकॉल चांगला. वाळल्यावर तो पारदर्शक होतो.

६. गोल ते तार, फुगीर ते रेझिन

पितळाची मर्यादा लक्षात ठेवली नाही तर पैसे वाया जातात. पत्रा चपटा असतो. जीपच्या बाजूची पकडायची कडी गोल सळईची. पितळी पत्र्यातून काढली तर ती समोरून छान आणि बाजूने कागदी दिसते. म्हणून माझा एक सोपा नियम आहे: चपटं ते पितळ, गोल ते तार, फुगीर ते रेझिन.

तारेसाठी दुकान शोधायला नको. विजेच्या लवचीक वायरीतली एक तांब्याची तार साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाड असते. ३५ ने गुणली की ७ ते साडेदहा मिलिमीटर. स्पार्क प्लगची खरी वायर ७ मिलिमीटरच्या आसपास असते. जीपचं इंजिन चार सिलिंडरचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरपासून चार प्लगांना चार तारा आणि कॉइलकडे जाणारी पाचवी. जुन्या चार्जरच्या वायरीचा बोटभर तुकडा सगळ्या इंजिनाला पुरतो. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटर धरला तर १:३५ मध्ये तो अडीच मिलिमीटरची बारीक केबल होतो. शिवणाचा दोरा दोरखंडाचं काम करतो, पण आधी त्याला पातळ फेविकॉलमधून ओढून त्याचे तंतू बसवायचे. खऱ्या दोरखंडाला इतके लांब केस फुटत नाहीत.

एरियलसाठी किटची उरलेली चौकटच वापरतात. तिचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून बोटांनी फिरवत राहायचा. प्लास्टिक चमकायला आणि लवायला लागलं की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायचं. पाकाची तार बघतो तशी प्लास्टिकची तार सुटते. हळू ओढली तर जाड, झटक्यात ओढली तर केसासारखी. एकतारी की दोनतारी, ते पाचसहा प्रयत्नांत हाताला कळतं.

फुगीर वस्तू म्हणजे गोणी, पिशव्या, गुंडाळलेली ताडपत्री, टायर. इथे रेझिन उपयोगी पडतं. रेझिनच्या भागांचा साचा सिलिकॉन रबराचा असतो. फ्रीजमधला बर्फाचा रबरी साचा वाकवून बर्फ काढतो तसा तो वाकतो, त्यामुळे मोदकाचा अडकणारा कान इथे सुखरूप बाहेर येतो. आत दोन द्रव मिसळून ओततात, ते आपोआप घट्ट होतात. रबरी साचा लवकर झिजतो, त्यातून काही डझन प्रतीच नीट निघतात. म्हणूनच असे भाग लहान लहान उद्योगांतून येतात आणि महाग पडतात. अलीकडे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनची त्रिमितीय छपाईही घरोघर पोचली आहे. ०.०५ मिलिमीटरचा एक थर, म्हणजे १:३५ मध्ये पावणेदोन मिलिमीटर. पायऱ्या जवळजवळ दिसतच नाहीत. रेझिन घासताना ते ओलं करून घासा आणि तोंडाला मास्क लावा, कारण धूळ फुप्फुसात जाते. छपाईचं कच्चं रेझिन तर हातमोज्यांशिवाय हाताळूच नये.

टायरच्या बाबतीत एक घरगुती युक्ती. किटमधला टायर पूर्ण वर्तुळाकार असतो, पण खरा टायर गाडीच्या वजनाने जमिनीलगत किंचित बसतो. तळ पॉलिशपेपरवर दहाबारा वेळा घासून चपटा केला की गाडीला एकदम वजन येतं.

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर आणि निम्मं पाणी घातलेला फेविकॉल. पट्ट्यांसाठी स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल. आणि शीतपेयाच्या डब्याचा पत्रा तर सोन्याच्या मोलाचा. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १:३५ मध्ये साडेतीन. कात्रीने कापता येतो आणि फुकट मिळतो.

७. आधी खरी वस्तू बघा

त्याच डब्याच्या पत्र्यातून मी जीपचा एक भाग बनवला, तो बऱ्याच किटांत नसतो. पुढच्या बंपरवर उभा केलेला, माणसाच्या डोक्याहून उंच असा लोखंडी अँगल. १९४४ च्या सुमारास युरोपात रस्त्यावर मानेच्या उंचीवर आडव्या तारा बांधल्या जात. काच खाली पाडून चाललेल्या उघड्या जीपमधल्या माणसांचे गळे त्या तारेने चिरले जात. म्हणून सैनिकांनी बंपरला अँगल वेल्ड केला. त्याच्या टोकाला पुढे झुकलेली खाच तार पकडते आणि तोडते. पत्र्याची अरुंद पट्टी पट्टीच्या धारेवर काटकोनात दुमडली की झाला अँगल. पण कथा माहीत नसेल तर तो कुठे, किती उंच आणि कुठल्या बाजूला झुकलेला, हे कसं ठरवणार?

दुसरं उदाहरण मागे टांगलेल्या पेट्रोलच्या डब्याचं. २० लिटरचा हा डबा मुळात जर्मन. दोस्तांनी त्याची नक्कल केली. वर तीन मुठी असतात, त्याला कारण आहे. मधली मूठ धरून एकजण भरलेला डबा नेतो, कडेच्या दोन मुठी धरून दोघं जण, आणि रिकामे असतील तर शेजारशेजारच्या मुठी धरून एका हातात दोन डबे मावतात. जर्मन डब्याचे दोन अर्धे वेल्ड केलेले, मधोमध आत गेलेली खाच. आणि किटमधल्या डब्यावर साच्याची रेघ नेमकी तिथेच येते! ती घासून साफ केली तर डबा चुकला, तशीच ठेवली तरीही चुकला. ती खोल करावी लागते. अमेरिकन डब्याची शिवण वेगळी, तिथे ती घासूनच टाकायची. पुसायची रेघ कुठली आणि राखायची कुठली, हे खरा डबा पाहिल्याशिवाय कळत नाही.

जीप पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि तिच्या वंशातल्या गाड्या आपल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षं धावल्या. पण संदर्भाला त्या घेताना सावध राहा. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या जाळीत ९ फटी असतात; युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ७. गावातली जीप बघून महायुद्धातली जीप सुधारली तर दोन फटी बुजतात. रणगाडे बनवणाऱ्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहावं. १९६५ च्या युद्धातले पॅटन आणि दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश रणगाडे तिथे उभे आहेत. पत्र्याची कड, वेल्डचा फुगवटा, बोल्टचं डोकं हे छायाचित्रात सपाट होतं. समोर उभं राहिल्यावर त्याची जाडी मनात बसते.

८. तयार धातूच्या गाड्या

किट जोडत नाही, मुलांच्या धातूच्या मोटारीच आहेत, त्यांचं काय? त्यांनाही हेच नियम. हॉट व्हील्सच्या गाड्या १९६८ पासून विकल्या जातात. त्यांचं प्रमाण साधारण १:६४. तिथे जाडीपेक्षा चाकं आणि दिवे जास्त चहाडी करतात. गाडीच्या तळाला रिव्हेट असतात. त्यांची डोकी गिरमिटाने उडवली की तळ सुटतो, प्लास्टिकची चाकं काढून रबरी टायरवाली बसवता येतात. दिव्यांसाठी रंगवलेला ठिपका खरवडून तिथे उथळ खळगा पाडायचा, आत चंदेरी रंग आणि वर पारदर्शक गोंदाचा एक थेंब. थेंब वाळताना फुगीर राहतो आणि भिंगाचं काम करतो. जीपच्या किटमधल्या दिव्यांनाही हीच युक्ती चालते.

एक सूचना मोठ्या किटांतल्या मऊ रबरासारख्या टायरांबद्दल. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनचं चाक वितळवतं. चाकाच्या कडेला आधी फॉइलची पट्टी गुंडाळून मग टायर चढवा.

९. सावली रंगवावी लागते

भाग बदलले, पण एकाच रंगात बुडवले तर सगळी मेहनत लपते. कारण प्रकाश ३५ ने भागला जात नाही. खऱ्या जीपच्या झाकणाखाली, बिजागरीत, फटींत गडद सावली पडते. मॉडेलमध्ये त्या फटी मिलिमीटरभरही खोल नसतात आणि खोलीतला पसरट प्रकाश त्यांत सहज शिरतो. म्हणून सावली हाताने घालावी लागते. गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाएवढा पातळ करून ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. रंग स्वतःच फटीतून धावत जातो. ओट्याच्या फरशीच्या सांध्यात हळदीचं पाणी जसं जातं तसा. उलट कडांवर मूळ रंगाचीच फिकट छटा जवळजवळ कोरड्या ब्रशने घासायची, की कड उजळते.

पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती रंगवून झाली की शेवटी आखणी करणारा कारागीर बसतो आणि डोळे आखतो. केसाएवढ्या दोन रेघा, पण तोवर तिथे माती असते. बारीक भागांवरचा रंग मी त्याच सावधपणे घालतो: सगळ्यात शेवटी, आणि कमीत कमी.

१०. कुठे थांबायचं?

पितळी पत्र्यावर दोनशे भाग असले म्हणून दोनशेही लावलेच पाहिजेत असं नाही. नवशिक्याचं मॉडेल बहुधा इथेच अडतं. एका जीपवर चार महिने जातात, निम्मे भाग वाकतात, आणि खोकं माळ्यावर जातं. मी एक कसोटी लावतो. मॉडेल तयार झाल्यावर हाताच्या अंतरावर धरलं तर कोणते पाच भाग आधी दिसतील? जीपच्या बाबतीत माझी यादी अशी: काचेच्या चौकटीची कड, पुढचे दिवे, स्टिअरिंगचं चाक, मडगार्डच्या कडा आणि टायरांचे तळ. यांतल्या तिघांना पैसा लागत नाही. त्यानंतर पट्टे आणि कड्या. इंजिनातल्या पाच तारा फक्त झाकण उघडं ठेवणार असाल तरच. गाडीच्या खालचे पाइप कुणी कधी पाहत नाही. तिथे साच्याची रेघही खुशाल राहू द्या.

शेजारच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. पॉलिशपेपरचा एक तुकडा दिला आणि मडगार्डची कड आतून कशी तासायची तेवढं दाखवलं. पुढच्या रविवारी तो स्वतःची जीप घेऊन आला. डावा मडगार्ड पत्र्यासारखा पातळ, उजवा मूळचाच जाड.

"दुसरा राहिला वाटतं?" मी विचारलं.

"नाही, मुद्दाम ठेवलाय," तो म्हणाला. "तो घासला तर फरक कशाशी बघायचा?"